पाचवी चौकट

३ नोव्हेंबर, सोमवार
नोकरी लागली! श्रीपतीकाकांच्या छापखान्यात पत्रिका टाइप करायच्या. देवरूख सोडून मी आणि धाकटा भाऊ संदेश नाचणे गावात खोली घेऊन राहिलो. त्यालाही इथल्या गॅरेजात काम मिळालंय. आई-बाबांमागे आम्ही दोघंच, त्यामुळे जिथे एक तिथे दुसरा.

काका म्हणाले, संगणक म्हातारा आहे, फाइल उघडेपर्यंत चहा पिऊन होतो. तेव्हा सगळ्या उघड्याच ठेवायच्या. लग्न, मुंज, उत्तरकार्य आणि ही माझी रोजनिशी. ऑल्ट दाबून धरायचं, टॅब मारत राहायचं. चार चौकटी ओळीने दिसतात, हवी तिच्यावर आल्यावर बोट सोडायचं. नवं कार्ड कोणी करत नाही, जुन्यावरच नाव बदलतात. फॉन्ट नीट उमटतो का बघायला मी सवयीने स्वतःचं नाव टाइप केलं, तर काका हसले. टाइप करणाऱ्या सगळ्यांचं हेच, आधीची भार्गवीही तेच करायची, म्हणाले. ती दिवाळीआधी वारली. ताप आला आणि दोन दिवसांत संपली.

५ नोव्हेंबर, बुधवार
तुळशीची लग्नं आली आणि पत्रिकांची झुंबड उडाली. आज चौकटी पाच दिसल्या. पाचवीत काळ्या कडेचं कार्ड. तिच्यावर बोट सोडलं तर लग्नपत्रिकाच उघडली. संगणकही माझ्यासारखा दमला असेल.

१० नोव्हेंबर, सोमवार
पाचवीतली अक्षरं वाचता आली. कै. भागोजी, मालगुंड. निधन १० नोव्हेंबर. म्हणजे आजच. काकांना दाखवायला बोलावलं. त्यांना चारच दिसल्या.

१२ नोव्हेंबर, बुधवार
भागोजींची सून आली. सोमवारी संध्याकाळी माडावरून पडले म्हणाली. ती सांगायच्या आत मी मालगुंड टाइप केलं होतं. ओळखायचीस काय गो त्यांना, तिने विचारलं. मी नाही म्हटलं. रडू यायला हवं होतं, आलं नाही. दोनशे कार्डं छापली.

१७ नोव्हेंबर, सोमवार
कै. संदेश. निधन १८ नोव्हेंबर.

खाली आमचा नाचण्याचा पत्ता. वेलांटी सरकलीय, नीट करायला हवी, असं आधी मनात आलं. मग नाव पुन्हा वाचलं. घरी कोलंबीचं कालवण केलं, त्याला आवडतं. उद्या कामावर जाऊ नको म्हटलं तर हसला.

१८ नोव्हेंबर, सकाळी ९.४०
गेला. ऐकलं नाही.
भागोजींचं कार्ड मी नुसतं वाचलं होतं. बदललं नव्हतं. हे बदलून बघते —

१०.०५
या वेळी पाचवी उघडली. संदेशचं नाव खोडलं. जागा कोरी ठेवली तर टॅब चालेना — बोटांनी काहीतरी मारलं — लगेच इकडे रोजनिशीत आले.

१०.२०
संदेशचा फोन. जॅक निसटला, गाडी खाली आली, तो नेमका पाना आणायला उठला होता. साधं खरचटलंही नाही. हसत होता.

चौकटी परत चारच.

बरं वाटतंय. काका चहा सांगताहेत. फक्त — त्या जागी काय मारलं ते आठवेना. कुणाचं वाईट चिंतून नाही. दुसऱ्या कुणाचं नाव तर नाहीच. फॉन्ट उमटतो का, एवढंच सवयीने बघि—