ते वाक्य कुठेच नाही

उन्सिल पोरी,

आज पहाटेच्या प्रार्थनेला मी चर्चमध्ये जाणार नाही. पाळकबाईंचा फोन आला तर सांग, सासूबाई पोहांगला गेल्यात. हो, जोंगहुईकडे, तुझ्या नणंदेकडे.

तिने आमच्या मनाविरुद्ध लग्न केलं तेव्हा तुझे सासरे म्हणाले होते, घर सोडून गेलेल्या मुलीला पुन्हा दार उघडायचं नाही, असं बायबलमध्येच लिहिलंय. चर्चचे पंच होते ते, मी मान डोलावली. एकवीस वर्षं डोलावली. तू वह्या आणून दिल्यास आणि मी अख्खं बायबल हाताने उतरवायला घेतलं, ते काही पुण्यासाठी नव्हे गं. मला ते वाक्य स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. तीन वर्षं लागली. काल शेवटचं पान झालं. ते वाक्य कुठेच नाही!

उलट एका बापाची गोष्ट आहे. चर्चमध्ये शंभरदा ऐकली होती, पण लिहिताना माझं पेनच थांबलं. घर सोडून गेलेला पोरगा लांबवर दिसला आणि तो म्हातारा धावत सुटला. देवाच्या पुस्तकात म्हातारा माणूस धावतोय! 

वह्या टेबलावर ठेवल्यात. मी म्हणते म्हणून मानू नकोस, तू स्वतः वाच. कोबीच्या किमचीचा मोठा डबा मी तिच्यासाठी नेतेय, शोधत बसू नकोस.

माझ्या गुडघ्यांना धावणं जमायचं नाही, म्हणून पहिली बस पकडतेय.

— आई