क्षितिज मधोमध नको

अल्लाहच्या नावाने आरंभ करून मी, झहूर दाऊद नावडेकर, वय वर्षे अडुसष्ट, पूर्वीचा धंदा जहाज कंपनीत हेडक्लार्क, सध्याचा धंदा फुलांचे आणि डोंगरांचे फोटो काढणे, राहणार नेरूळ, नवी मुंबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मर्जीने आणि सकाळचा चहा पोटात गेल्यावर लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. शेजारी जयप्रकाश कारखानीस यांचे मत वेगळे आहे, पण ते डॉक्टर नाहीत. उजवा हात जरा थरथरतो. सहीपुरता तो चालेल. दिवेलागणीच्या फोटोला चालत नाही, त्यासाठीची युक्ती पुढे कॅमेऱ्याच्या कलमात दिली आहे.

हा कागद करायचे मी कित्येक वर्षे टाळले, कारण मला जे लिहायचे होते ते लिहिताच येत नाही असे मला सांगण्यात आले होते. ते लिहिता येते, हे गेल्या मंगळवारी कळले. तेव्हापासून मला गाढ झोप लागते आहे. म्हणून या कागदात कुठे जास्तीचा आनंद दिसला तर तो मरणाचा आहे असे कुणी समजू नये.

कलम १. माझी माणसे.

माझी पत्नी बतूल सहा वर्षांपूर्वी गेली. आम्हाला मूल झाले नाही. बतूलच्या धाकट्या बहिणीची मुलगी नाझिया हिची आई बाळंतपणात वारली आणि बापाने परदेशात दुसरा संसार मांडला, म्हणून ती आमच्याकडे आली, तेव्हा दुपट्यात गुंडाळलेली होती. आता ऐरोलीला एका कारखान्याच्या ऑफिसात काम करते. मला अब्बा म्हणते आणि मी बिडी ओढलेली तिला जिन्यातूनच कळते. माझे थोरले भाऊ मरहूम इब्राहीम यांचे दोन मुलगे, अम्मार आणि झुबेर, हे माझे कायद्याने वारस आहेत. नाझिया नाही. आमच्या कायद्यात सांभाळलेले मूल वारस होत नाही.

माझ्या कॅमेऱ्यात डोळा लावायची खिडकी एका बाजूला आणि फोटो घेणारी काच दुसऱ्या बाजूला आहे. लांबच्या डोंगराला त्याने काही बिघडत नाही, पण जवळच्या फुलाला फार बिघडते: डोळ्याला अख्खे जास्वंद दिसते आणि फोटोत त्याचे डोके उडालेले असते. नाझियाचेही तसेच झाले. मला ती माझी मुलगी दिसते, आणि कायदा शेजारच्या भोकातून बघतो.

कलम २. अम्मार आणि किल्ली.

बतूल गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी जेवणे उरकल्यावर अम्मार बडीशेप चघळत म्हणाला, "चाचा, चाची तर गेली. नाझियाचा निकाह झाला की ती आपल्या घरी जाईल. फ्लॅट तर आपल्यातच राहनार ना?" आणि खुंटीवरची जादा किल्ली, "तुमी एकटे, कधी गरज लागली तर," असे म्हणून खिशात टाकून गेला.

अम्मार वाईट मुलगा नाही. मला दवाखान्यात त्यानेच नेले होते. पण नाझिया स्वयंपाकघराच्या दारात ताटे घेऊन उभी होती. दुसऱ्या दिवशी तिचे कपडे कपाटातून बॅगेत गेले आणि बॅग पलंगाखाली. तेव्हापासून ती त्याच बॅगेतून कपडे काढते, धुते, वाळवते आणि घडी घालून परत त्याच बॅगेत ठेवते. मी एकदा विचारले, तर म्हणाली, "कपाटाला कुबट वास येतो, अब्बा." कपाट सागाचे आहे. त्याला कसलाही वास येत नाही.

मी गावातल्या जाणत्यांना विचारले. ते म्हणाले, सांभाळलेल्या मुलीला हक्क नाही, विषय संपला. मी घरी आलो आणि त्या महिन्यात तीन रोल अबोलीवर संपवले. सगळे हललेले आले.

तरी अम्मारने ती किल्ली नाझियाला परत द्यावी. त्यानंतर ईदला, आणि वाटेल तेव्हा, बेल वाजवून यावे. बेल चालू आहे.

कलम ३. जयप्रकाशशी वाद.

खालच्या मजल्यावरचे जयप्रकाश कारखानीस हे बँकेतून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ असून त्यांच्याकडे पोटाएवढा मोठा कॅमेरा आहे. माझा कॅमेरा इब्राहीमभाईंनी कुवेतहून आणलेला, सदऱ्याच्या खिशात मावणारा. जयप्रकाश त्याला साबणाची डबी म्हणतात. आम्ही दोघे रविवारी पहाटे कधी पारसिकच्या डोंगराकडे, कधी करावे गावामागच्या खाडीकाठच्या खाजणात जात असू. खांद्याला वळ त्यांच्या उठत, फोटो माझे बरे येत.

आमचा वाद एकच. मी डोंगराचा फोटो काढताना क्षितिज बरोबर मधोमध ठेवीत असे: अर्धी जमीन, अर्धे आभाळ, कुणावर अन्याय नको. जयप्रकाश कपाळावर हात मारीत.

"झहूरभाई, फोटो म्हणजे काय वाटणीपत्र आहे का? मधोमध ठेवलं की बघणाऱ्याला कळतच नाही काय बघायचं ते. तीन भाग करा. दोन भाग जमीन, एक भाग आभाळ. नायतर उलटं."

"ज्याला एक भाग मिळाला त्याने काय पाप केलं?"

"त्याचं टेन्शन तुम्ही कशाला घेता? एक भागच फोटोत उठून दिसतो."

मी ऐकले नाही. वर्षानुवर्षे माझे सगळे डोंगर कमरेत दुमडल्यासारखे आले, तरी ऐकले नाही.

कलम ४. जमीन आणि फ्लॅट.

माझी मिळकत दोनच ठिकाणी आहे. कळंबोलीजवळ आमच्या गावात वडिलोपार्जित जमिनीतला, सरकारी संपादनातून उरलेला माझा तुकडा. आणि हा नेरूळचा, माझ्या नोकरीच्या पैशाने घेतलेला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट.

जमिनीच्या तुकड्यावर उभे राहून मी दरवर्षी पावसाळा सरला की एकाच जागेवरून एकच फोटो काढीत आलो: पुढे तेरड्याची फुले, मागे डोंगर. पहिल्या वर्षी मध्ये काही नव्हते. मग लोखंडाच्या बाजाराच्या शेडी आल्या, मग ट्रकचे अड्डे, मग इमारती, आणि आता पुण्याचा नवा रस्ता येतो आहे. डोंगराचे एक टोक तेवढे शिल्लक आहे. ज्यांनी ज्यांनी माझ्या फोटोत इमारत घुसवली त्या सर्वांना मी मोठ्याने शिव्या दिल्या आहेत. त्या मी या कलमान्वये परत घेतो. कारण पुढीलप्रमाणे.

गेल्या मंगळवारी जयप्रकाश मला ओढूनच वाशीच्या वकीलबाईंकडे घेऊन गेले. मी सांगितले, "अर्धं पुतण्यांना, अर्धं मुलीला. मधोमध. कुणावर अन्याय नको."

बाई म्हणाल्या, "असं करता येणार नाही, काका. तुमच्या कायद्यात वारस नसलेल्या माणसाला मृत्युपत्राने एक तृतीयांशापर्यंतच देता येतं. उरलेले दोन भाग वारसांचेच."

मला पुढचे ऐकू आले नाही. एक तृतीयांशात नाझियाला काय मिळणार, दार आणि खिडकी? तेवढ्यात शेजारी बसलेले जयप्रकाश इतक्या जोरात हसले की बाहेरचा कारकून आत डोकावला.

"अहो झहूरभाई! दोन भाग जमीन! तुमच्या त्या जमिनीचा आजचा भाव माहितीये का? फ्लॅटच्या दुपटीच्या कुठल्या कुठे गेलाय. फ्लॅट आख्खाच्या आख्खा बसतोय तुमच्या एका भागात!"

वकीलबाईंनी भाव विचारले, कागद बघितले, मान हलवली. "बसतो," म्हणाल्या. "आरामात बसतो."

ज्या इमारतींनी माझा डोंगर खाल्ला, त्यांनीच माझ्या मुलीचे घर राखले. मी वकीलबाईंसमोर रडलो, हे जयप्रकाश सगळ्यांना सांगतीलच, म्हणून आधीच लिहून ठेवतो. किंमत माझ्या मरणाच्या वेळची धरतात असे कळल्यापासून मला कुठेही क्रेन दिसली की मी मनातल्या मनात सलाम करतो.

बाईंनी हयातीतच बक्षीसपत्र करण्याचाही मार्ग सांगितला. पण त्यात ताबा आजच सोडावा लागतो. नाझिया म्हणाली, "मंग तुमी माझे भाडेकरू, अब्बा. बिडी बंद." तो मार्ग मी तत्काळ नाकारला.

कलम ५. कॅमेरा.

साबणाची डबी मी जयप्रकाश यांना देतो. किंमत फारशी नाही, फ्लॅटसोबत त्याच एका भागात मावते. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे वकीलबाई म्हणाल्या, तेव्हा सही आणि डबी यांतले एक निवडा असे मी त्यांना सांगितले. इतकी वर्षे हसणाऱ्या माणसाने क्षणाचाही विचार न करता डबी निवडली.

त्यांनी ती वापरताना पुढील गोष्टी पाळाव्यात. पट्ट्याला बांधलेला काळा दोरा तोडू नये. तो बतूलच्या शिवणाच्या डब्यातला आहे. गाठीचे टोक फुलाला टेकवावे, दोरा ताठ झाला की तिथेच थांबावे. त्याहून जवळ गेले की हा कॅमेरा आंधळा होतो. खिडकीतल्या वरच्या बारीक रेघांच्या खाली फूल ठेवावे, म्हणजे त्याचे डोके उडत नाही. बटण आधी अर्धेच दाबावे, कॅमेऱ्याला फूल ओळखू द्यावे, मग हवे तिकडे सरकून पुरते दाबावे. फुलाला ढगाळ दिवस उत्तम. डोंगराला सकाळ किंवा संध्याकाळ. भर दुपारी घरी झोपावे. दिवेलागणीला कॅमेरा मुगाच्या पिशवीवर टेकवावा, हात कितीही थरथरो. ती पिशवी कपाटात आहे. तिची आमटी करू नये. फ्लॅशवर बोट ठेवावे, काचेवर ठेवू नये. हे शेवटचे जयप्रकाश यांच्यासाठी खास.

फुलांना पाणी शिंपडून दव म्हणून खपवू नये. सोसायटीच्या प्रदर्शनात ज्यांनी तसे केले आणि पहिले बक्षीस नेले, त्यांना मी माफ केलेले नाही.

कलम ६. वाटणी.

माझ्या दफनाचा खर्च वजा जाता, कळंबोलीजवळची संपूर्ण जमीन अम्मार आणि झुबेर यांच्याकडे वारसाहक्काने जाईल. त्यात माझे काही कर्तृत्व नाही. तेरडा आपोआप उगवतो, त्यावर नांगर फिरवण्याआधी एकदा बघून घ्यावा, एवढी विनंती.

नेरूळचा फ्लॅट, सागाच्या कपाटासह, पश्चिमेच्या गॅलरीसह, गॅलरीतल्या कुंड्यांसह आणि तिथून करावे गावावर, खाजणावर आणि खाडीवर जे काही दिसते त्यासह, मी माझी मुलगी नाझिया हिला देतो. हा एक तृतीयांशाच्या आतला असल्याने त्यावर कुणाची हरकत चालणार नाही.

जयप्रकाश, तुम्ही जिंकलात. क्षितिज मधोमध नको. दोन भाग जमीन पुतण्यांना, एक भाग आभाळ माझ्या पोरीला.

कलम ७. ज्याचा कायद्याशी संबंध नाही.

मंगळवारी रात्री मी नाझियाला सगळे सांगितले. ती भांडी घासत राहिली. मला वाटले तिला नीट कळले नाही. काल ऑफिसातून आली, चपला काढल्या आणि दारातूनच विचारले, "अब्बा, आपल्याकडं जास्तीचे हँगर हायत का?"

बॅग माळ्यावर टाकली आहे.

वरील सर्व मजकूर मी वाचला, मला पटला, आणि हात बऱ्यापैकी स्थिर ठेवून खाली सही करतो.

झहूर दाऊद नावडेकर

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली. आम्हाला यातून काहीही मिळणार नाही, चहा सोडून.

साक्षीदार १: सौ. प्रेमला रघुनाथ वैद्य, दुसरा मजला
साक्षीदार २: श्री. हौसेराव बापू जगदाळे, सचिव, सोसायटी

ठिकाण: नेरूळ, नवी मुंबई
दिनांक: १४ नोव्हेंबर १९९९