मोत्याच्या फिल्टरचा तुलनात्मक तक्ता

१४ जुलै, सोमवार
जाई पुण्याला गेली, कॉलेजला. स्टँडवर तिची आई, नीलांबरी, रडली. मला सर्दी होती. बस हलली तरी पोरगी खिडकीतून एकच सांगत होती, बाबा, मोत्याचा फिल्टर.
मोत्या म्हणजे तिचा ऑस्कर मासा. चांगला वीतभर आहे. चार फुटी टाकीत एकटाच राहतो. माणूस दिसला की काचेशी येऊन शेपूट हलवतो, म्हणून नाव कुत्र्याचं. खातो फार, घाणही तेवढीच करतो. टाकीतला जुना फिल्टर नुसता खरखरतो. आता टाकीबाहेर ठेवायचा कॅनिस्टर हवा, डब्यासारखा, दोन पाइपवाला. आठ दिवसांत बसवतो म्हणालो.
संकल्प: आठ नाही, पाच.

१६ जुलै
ऑफिसात प्रज्ञेशला विचारलं. ज्युनियर आहे, पण घरी तीन टाक्या आहेत. चहाचा कप खाली न ठेवता त्याने एक नाव सांगितलं. म्हणाला, सर, हाच घ्या, माझा चार वर्षं झाली चालून राहिला, काही तकलीफ न्हाई.
एवढा मोठा निर्णय अर्ध्या कपात? पोरगं चांगलं आहे, पण घाईचं. मी वीस वर्षं खरेदीचे तुलनात्मक तक्ते केलेत. तीन कोटेशनशिवाय ऑफिसात खराटासुद्धा येऊ दिलेला नाही.

२२ जुलै
आठ दिवस झाले. तक्ता झाला. अकरा फिल्टर, सतरा रकाने. ताशी लिटर, आवाज, वॉरंटी, पाइपची जाडी, गळती. गळतीपुढे सगळ्यांना प्रश्नचिन्ह.
नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं. नीलांबरी ते ड्रममध्ये एक दिवस ठेवते, म्हणजे औषधाचा वास उडतो. मग रोज दोन बादल्या टाकीतून काढते, दोन ओतते. तिची पाठ धरली आहे. थोडेच दिवस, असं म्हणालो. ती म्हणाली, काहून, मी काही म्हटलं का? काही म्हटलं नाही, तेच जास्त लागलं.

१० ऑगस्ट, रविवार
जाईचा फोन. फिल्टर बसवला का? बसवला, म्हणालो. तोंडातून निघून गेलं. नाही तरी या आठवड्यात घेणारच आहे, फक्त तारखेचा फरक.

२४ ऑगस्ट
व्हिडिओ कॉल. म्हणाली, दाखवा ना. आता आली का पंचाईत. पाच मिनिटांनी लावतो म्हणालो. माळ्यावरचा जुना पाण्याचा जार काढला, त्यात कूलरचे दोन पाइप खोचले, टाकीखाली अंधारात ठेवला. दाखवला. आवाजच येत नाही बघ, असंही म्हणालो. ती स्क्रीनच्या अगदी जवळ आली. मग म्हणाली, छान आहे बाबा.
नीलांबरी स्वयंपाकघरात भांडी जोरात ठेवत होती. मला माझीच लाज वाटली. संकल्प: उद्याच ऑर्डर.

७ सप्टेंबर
डोंगरकडा गावाला ऑफिसच्या कामाने गेलो. जीपमध्ये येता-जाता फिल्टरचेच व्हिडिओ पाहिले. आता तेवीस फिल्टर. गुणांकनात पहिला आला तो प्रज्ञेशने सांगितलेलाच. पण तोच घेतला तर दोन महिने मी काय केलं? दुसऱ्या क्रमांकाचा मागवला.

१८ सप्टेंबर
आला. बसवला. जुना फिल्टर लगेच भंगारात दिला. प्रज्ञेश म्हणत होता, सर, महिनाभर दोन्ही संगं चालू द्या, जुन्या स्पंजात घाण पचवणारे चांगले जंतू असतात. घरात मुद्दाम जंतू पाळा म्हणे.
जाईला फोन करून सांगितलं, फिल्टर मस्त चालू आहे. ऑगस्टमधलं खोटं आज पूर्वलक्षी प्रभावाने खरं झालं. रात्री नीट झोप लागेल.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
आमच्या घरी आज सगळी यंत्रं धुवायची, पुजायची आणि दिवसभर चालवायची नाहीत. स्कूटर झाली, मिक्सर झाला. यंदा फिल्टरचा पहिला मान. उघडून आतला स्पंज, गोट्या, सगळं नळाखाली ब्रशने घासलं. नळ आजच आला होता, पाण्याला औषधाचा चांगला उग्र वास होता, म्हणजे आणखीच स्वच्छ. हळदकुंकू, झेंडू, देवघरापुढे पाट. नीलांबरी म्हणाली, आणि मोत्याचं काय? त्यालाही एक दिवस सुट्टी, म्हणालो.

२ ऑक्टोबर, दसरा
सकाळी सातला फिल्टर परत लावला. नऊला मोत्या वर येऊन तोंड उघडझाप करू लागला. ताजं पाणी मिळावं म्हणून मी अर्धी टाकी उपसली आणि काल नळाला आलेलं, झाकून ठेवलेलं, अजून वास मारणारं पाणी ओतलं. अकराला तो आडवा झाला.
मी तक्ता काढला. सतरा रकान्यांत याचा रकाना नाही.
नीलांबरीने प्रज्ञेशला फोन लावला. त्यांचा आज मोठा दिवस. विहारात जायला पांढरे कपडे घालून निघाला होता, तसाच आला. घरून कॅनमध्ये पाणी आणलं होतं. पूजेची हळद सांडलेल्या फरशीवर गुडघे टेकून बादलीत मोत्याला घेतलं. फिल्टर कशाने धुतला, विचारलं. मी सांगितलं. त्याने कॅनमधलं उरलेलं पाणी बादलीत ओतलं. मोटरसायकलवर मागे नीलांबरी बादली धरून बसली आणि दोघं त्याच्या घरी गेले. मी दारात आपट्याची पानं हातात घेऊन उभा.
मी मोत्याला मारत होतो. हे इथेच लिहू शकतो.

६ ऑक्टोबर
प्रज्ञेश म्हणतो, मोत्या वाचला, खाऊन राहिला. कपड्यांचे गुडघे हळदीने पिवळे झाले, तेही त्याने हसून सांगितलं. जाईचा फोन आला. मोत्या कसा आहे? मजेत, म्हणालो. खोटं नाही. फक्त पत्ता सांगितला नाही.
संकल्प: दिवाळीला आली की समोर बसवून सगळं सांगायचं. जारसुद्धा.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी
नीलांबरीबरोबर स्टँडवर जाताना मनात भाषण पाठ केलं. जाई उतरली. मी सुरुवात केली, तर म्हणाली, बाबा, आधी प्रज्ञेशदादाकडे चला.
आईने तिला जुलैपासून सगळं सांगितलं आहे. जारही तिने तेव्हाच ओळखला होता, झाकणावरून. मग बोलली का नाहीस, विचारलं. म्हणाली, तुम्ही दाखवताना किती खूश होता.
मोत्या धावत काचेशी आला. जाईला पाहून शेपूट हलवलं. नीलांबरीला पाहूनही, कारण ती दर दोन दिवसांनी येऊन त्याला खायला घालते. हे मला आज कळलं. मी काचेला बोट लावलं. त्याने पाहिलं आणि पाइपमागे गेला. तो पाइप पहिल्या क्रमांकाच्या फिल्टरचा.
प्रज्ञेश म्हणाला, सर, आजच न्या की घरी. मी जाईकडे पाहिलं. ती म्हणाली, राहू द्या दादा, इथं बरा आहे.
परत येताना दोघी फराळाचं बोलत होत्या.
घरी फिल्टर चालू आहे. रिकाम्या टाकीपलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर खुर्चीत बसून वाचता येतं, इतकं पाणी स्वच्छ. आवाजाच्या रकान्यात लिहिलं होतं तसंच आहे. अजिबात आवाज नाही.