रोजच्या तीन गोळ्या

प्रिय दीपा,

तू जाऊन दोन महिने झाले. पत्र लिहायची मला सवय नाही. पण आज सुमी दवाखान्यात आली आणि तिने जे सांगितलं, ते तुझ्याशिवाय कुणाशी बोलू?

तुझ्याबरोबर लग्नात वाढायला जाणारी, काम नसेल तेव्हा सांगलीच्या स्टँडवर तुझ्या शेजारी झोपणारी सुमी. औषधांच्या खिडकीशी ती खोकली आणि मी तुझं नाव घेऊनच मान वर केली. इतका तो खोकला तुझा होता!

टीबीच्या गोळ्या पहिल्यांदा हातात दिल्या तेव्हा तू म्हणालीस, "एवढ्या खाल्ल्यावर जेवाय जागा कुठं ऱ्हायची, गोळीबाई?" तेव्हापासून मी सगळ्यांची गोळीबाई झाले.

रोज तीन गोळ्या. दर आठवड्याला तू रिकामी पाकिटं माझ्यापुढे मांडायचीस. एकही गोळी शिल्लक नसे. डोक्यावर छप्पर नाही, तरी किती नेमाची पोर, असं मी डॉक्टरांना कौतुकाने सांगायची. वजनकाटा वेगळंच सांगत होता. मी पाकिटांवर विश्वास ठेवला. का ठेवला?

तुला मोठ्या दवाखान्यात हलवायची वेळ आली, तेव्हा तिथे मोफत उपचारांच्या योजनेसाठी रेशन कार्ड मागितलं. ते मेढ्याला, तुझ्या वडिलांकडे. तिथं फोन करू नका, एवढंच तू म्हणालीस. मी दुसऱ्या कागदांमागे चार दिवस फिरले. तुझ्याकडे तेवढे दिवस नव्हते.

आज सुमीला विचारलं, कधीपासून खोकतेस? ओढणीचं टोक पिळत ती म्हणाली,

"दीपीच्या आदीपास्नं. आमी तिघी एकेक गोळी खायचो. हितं टीबीत नाव लिवलं की कॅटरिंगवाला कामावरनं काढतोय, म्हून आमी दोघी आलोच न्हाई. दीपी म्हनायची, एकटीनं बरी हून कुनासंगं बोलू?"

अगं, मला सांगायचं होतंस! तिघींना पुरतील एवढ्या गोळ्या माझ्या पाठीमागच्या कपाटात होत्या, फुकट. अपुऱ्या औषधाने हा आजार मरत नाही, औषधालाच सरावतो. हे मीही तुला कुठे सांगितलं? गोळी चुकवू नकोस, एवढंच म्हणत राहिले. तुम्ही एकही चुकवली नाहीत.

सुमीचा बेडका तपासणीला गेला आहे. जुन्या गोळ्या तिला लागू पडतील का, हे अहवाल आल्यावरच कळेल, असं डॉक्टर म्हणतात. तिसरी, राणी, इस्लामपूरला एका मंगल कार्यालयात वाढते आहे. सुमी म्हणते, ती तोंडाला रुमाल बांधून वाढते. पंगतीतल्या लोकांना वाटतं, किती स्वच्छता पाळतात!

उद्या पहिल्या एसटीने मी इस्लामपूरला निघते. तिचं काम जाणार नाही अशा बेताने तिला बाजूला घेईन. यापुढे रिकामी पाकिटं बघून कुणाला शाबासकी देणार नाही. गोळी माझ्यासमोर गिळायची. आणि शेजारी कोण झोपतं, हे आधी विचारेन. राणीला घेतल्याशिवाय परतणार नाही, दीपा. तेवढा उशीर झालेला नसू दे.

तुझी,
गोळीबाई