सात चाळीसची साक्ष

४ ऑक्टोबर, शनिवार
सकाळी सहाला पूजेला बसणार तेवढ्यात लीलाचा फोन. अमेरिकेत तेव्हा कालची संध्याकाळ. तिनं फोन खिडकीबाहेर धरला. खाली चौकात शेकडो माणसं मांडी घालून बसलेली. काळी, गोरी, दोन-चार आपल्यासारखीही. पोलिसांच्या गोळीनं चार दिवसांपूर्वी एक काळा तरुण गेला, त्याच्यासाठी. एकजण त्याचं नाव घेई, बाकीचे हळू आवाजात तेच म्हणत. इष्टलिंग हातात तसंच राहिलं. एवढ्या माणसांचा एवढा हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता.
मग धूर. माणसं उठून धावली. लीला म्हणाली, "आप्पा, संचारबंदी आठपासून सांगितली होती. आत्ता सात चाळीसच झालेत." फोन तुटला.

४ ऑक्टो., दुपार
लीला ठीक आहे. डोळ्यांवर ओलं फडकं धरून बसलीय म्हणे. तिच्या आईनं अजून पाणी घेतलं नाही.

६ ऑक्टो.
तिकडं त्या रात्री पुढं दुकानं फुटली, दोन जळाली. आता राज्याचं सैन्य आलंय, कोपऱ्या-कोपऱ्यावर. लीलाला एका शिपायानं कॉलेजचं कार्ड बघून वाट करून दिली, 'मॅडम' म्हणाला. नवल म्हणजे फोन चालू. आपल्याकडं दगड पडायच्या आधी नेट जातं.
आमच्या पिठाच्या गिरणीवर विठ्ठलमामा दळण ठेवत म्हणाले, "तिकडंबी दगडफेक व्हायलीय म्हणं, आप्पा. मंग पोरगी एवढ्या लांब कशाला धाडली? परभणीलाच ठिवायची की."
सगळे हसले. मीही.

९ ऑक्टो.
तिथल्या नगराध्यक्षांनी चौकशी समिती नेमली. निवृत्त न्यायाधीश प्रमुख. ज्यानं जे पाहिलं ते येऊन सांगावं, परदेशी माणसानंही, भाषेची अडचण असेल तर दुभाषा आम्ही देऊ, असं जाहीर केलं. पोलिसांचं म्हणणं, आठ वाजून गेले, जमाव उठेना, म्हणून अश्रुधूर सोडला.
लीलानं तिथल्या खुल्या सभेचं चित्रण पाठवलं. एक काळी म्हातारी माइकपुढं उभी. नगराध्यक्षांना तीन मिनिटं झापते. ते मान खाली घालून लिहून घेतात, मध्ये एक शब्द नाही. इंग्रजी फारसं कळलं नाही, तरी तीनदा बघितलं. मी ग्रामसेवकापुढंही चप्पल बाहेर काढून उभा राहतो.
लीला विचारते, साक्ष देऊ का? मैत्रिणी नको म्हणतात. शिक्षणाच्या परवान्यावर, म्हणजे व्हिसावर, आहे ती. सरकारच्या डोळ्यावर आली तर परत पाठवतील, दीड वर्ष पाण्यात.
तिची आई : "गप बस म्हणावं. पाव्हनी हाय ती तिथं. पाव्हन्यानं घरच्यांच्या भांडणात बोलू न्हाई."
मी म्हणालो, विचार करून सांगतो.

१० ऑक्टो.
विचार कसला. एकच गोष्ट डोक्यात.
लीला तेव्हा दोन वर्षांची. गिरणी नव्हती, परभणीत माझं सायकलचं दुकान. चौकात गडबड झाली, काचा फुटल्या. दुसऱ्या दिवशी जमादार आले, "आप्पा, पंच म्हणून सही द्या." कोरा कागद. आम्ही दुकानदार अशा सह्या नेहमीच द्यायचो. आधी सही, मजकूर ते नंतर भरणार. चहाही पाजला मी त्यांना. नंतर कळलं, त्या कागदावर केशव केळेवाल्याच्या गाड्याखाली दगडांचं पोतं सापडलं होतं. आणि ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.
केशव सात महिने आत. पुढं सुटला. गाडा गेला तो गेलाच. तो कुठं गेला, मी कधी विचारलं नाही.
हे घरात कोणाला माहीत नाही.

१२ ऑक्टो., रविवार
लीलाला सांगितलं. सगळं. तिची आई शेजारी होती, तिनंही आजच ऐकलं.
लीला म्हणाली, "आप्पा, तुम्ही वाचलं का नाही?"
कोऱ्या कागदात वाचायला काही नव्हतंच...
फोन तिनंच ठेवला. तिची आई भांडी घासायला गेली. घासलेलीच होती.

१५ ऑक्टो.
तीन दिवस फोन नाही. पूजेत मन लागत नाही. मी साक्ष दे म्हणालो नाही, नको म्हणालो नाही. स्वतःची घाण तेवढी तिच्यापुढं ओतली. परवाना गेला तर?

१७ ऑक्टो.
लीलानं साक्ष दिली. निरोप एका ओळीचा : 'सांगून आले.'
संध्याकाळी फोन. दोन तास बसवलं. टंकलेखक बाई शब्द न् शब्द टिपत होती. पोलिसांच्या वकिलानं विचारलं, तुम्हाला वेळ इतकी नेमकी कशी आठवते? ही म्हणाली, मी वडिलांशी बोलत होते.
माझ्या फोनमध्ये पाहिलं. कॉल सहा वाजून चार मिनिटांनी सुरू, सहा अकराला तुटला. तिथले सात एक्केचाळीस. त्याचा फोटो काढून पाठवला. कुठल्या कुठं ते शहर, आणि पेडगावच्या गिरणीवाल्याच्या फोनमधली वेळ तिथल्या कागदाला लागणार.
केशवबद्दल तिनं काही विचारलं नाही. तिची आई मात्र म्हणाली, "त्याचं घर कुटं हाय, हुडका आता."

२० ऑक्टो.
परभणीला जाऊन आलो. जुन्या बाजारात विचारलं. कोणी म्हणतं पोखर्णीकडं, कोणी म्हणतं ऊसतोडीला गेला तो गेला. पुन्हा जाणार.

२६ ऑक्टो., रविवार
लीलाला तिची साक्ष छापून आली. एकवीस पानं. सोबत पत्र : नीट वाचावी, चूक असेल तिथं दुरुस्ती लिहावी, मगच सही करावी. मुदत तीस दिवस. पत्राचा अर्थ तिच्याकडून दोनदा सांगून घेतला. इतकं मोठं सरकार, स्वतःच्याच पोलिसांची चौकशी, आणि एका परक्या पोरीला म्हणतं, आधी वाच.
तिला एक चूक सापडली. पान नऊ. 'सुमारे आठ वाजता' असं उतरलंय. तिनं खोडून 'सात चाळीस' लिहिलं. समिती ते मानेल का, माहीत नाही. परवान्याचंही काही कळलेलं नाही.
तिची आई फोनजवळ तोंड नेऊन म्हणाली, "जेवलीस का?" आणखी काही नाही.
लीला म्हणाली, "आप्पा, बाकीचं बरोबर वाटतंय. सही करू?"
मी म्हणालो, "वाचून दाखव मला. पहिल्या पानापासून, मराठीत."
चौथ्या पानापर्यंत आलो. तिथं उजाडायला लागलंय, पण ती थांबत नाहीये.