आमचं स्वयंप्रकाशी घर

३ मार्च
गच्चीवर सोलर बसलं! माल साडूच्या एजन्सीचा, पैसे बायकोचे. शिवणकाम करून गाळा घ्यायला साठवले होते तिनं. मी शब्द दिलाय : वीज फुकट, आणि गल्ली अंधारात बुडाली तरी तुझं मशीन थांबणार नाही. म्हणाली, बघा हं. बघायचंय काय त्यात? सूर्य काय संपावर जाणार?
साडू बॅटरीही गळ्यात मारत होता. ओळखून आहे मी त्याला. साफ नाही म्हणालो.

४ मार्च
जुना इन्व्हर्टर भंगारात दिला. बायको नको म्हणत होती. तिला विज्ञानात गती नाही.

११ मार्च
ऑफिसात दिवसभर सोलरवर बोललो. साहेब मध्येच उठून गेले. जळतात.

२ एप्रिल
बायकोला शाळेच्या गणवेशांची मोठी ऑर्डर. मुदत अगदी कमी. मुख्याध्यापिकाबाईंना मी स्वतः फोन करून सांगितलं, आमच्याकडे लाइट जाणं हा प्रकारच नाही.

५ एप्रिल, दुपार
गल्लीची लाइट गेली. ट्रान्सफॉर्मर जळाला म्हणे. वा! शेजाऱ्यांना पंख्याखाली बसायला बोलावलं. आले बिचारे. वर लख्ख ऊन, खाली पंखा ढिम्म. मशीनही. शेजारी जाताना म्हणाले, आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, या बसायला. खोचक माणूस.

५ एप्रिल, संध्याकाळ
साडूला फोनवर झाडला. म्हणतो, बाहेरची लाइन बंद पडली की हे सोलरही आपोआप बंद होतं, नाहीतर खांबावर चढलेल्या माणसाला शॉक बसेल. म्हणूनच बॅटरी घ्या म्हणत होतो.
मग तसं नीट सांगायचं ना! विकायला आल्यासारखं कशाला सांगायचं? नात्यातल्या माणसानंच केसानं गळा कापला. फार लागलं मनाला.
बायकोनं जेवण उरकून कापडाचे गठ्ठे बांधायला घेतले.

६ एप्रिल
लाइट नाहीच. बायको मशीन, इस्त्री, कापडाचे गठ्ठे रिक्षात घालून बहिणीकडे गेली. म्हणजे साडूकडे! त्याच्या घरी बॅटरी आहे. म्हणालो, थांब, काहीतरी करतो. म्हणाली, आता काही करू नका, पाया पडते.

८ एप्रिल
लाइट आली. लगेच फोन केला. म्हणाली, इथं हात बसलाय, ऑर्डर पुरी करून येते.

२१ एप्रिल
ऑर्डर पुरी झाली. ती आली नाही. शाळेनं पुढची ऑर्डर दिली आणि साडूनं रस्त्याकडची खोली तिला दुकानासाठी दिली. सख्खी बायको फितूर. सगळ्यांनी मिळून फसवलं मला.

६ मे, दुपार
बिल आलं. शून्य! म्हणालो नव्हतो? हातातलं ताट तसंच ठेवून फोन लावला. म्हटलं, बोल आता. ती अगदी शांतपणे म्हणाली, मशीन इथं, इस्त्री इथं, मी इथं. तिथं वीज लागतेय कुणाला?
फोन ठेवला. घरातले सगळे दिवे लावून बसलोय.