गुरुवारी चारची वेळ माझी

गुरुवार, ५ फेब्रुवारी. दुपारी चार वाजून दहा मिनिटं. मार देल प्लाता, समुद्रकिनारा.
अन्याय झाला तो नेमका या वेळी. एकोणीस वर्षं दर गुरुवारी चारला मी नोएमीच्या कोचावर आडवी होते. फेब्रुवारीत ब्वेनोस आयरेसमधले सगळे थेरपिस्ट सुट्टीवर पळतात आणि पेशंटांनी आपापलं डोकं सांभाळायचं. ठीक. पण शेजारच्या तंबूत, पोहण्याच्या कपड्यांत, माझ्याच वेळेला, तिने माझ्या धाकट्या बहिणीला, नेल्लीला, आपल्या हातचं माते, तो कडू पाल्याचा चहा, पाजावं? एकाच नळीने! मला नुसती मान हलवून दाखवली.
तिच्या शेजारचा तंबू मी सावलीसाठी घेतला. आठ महिने आधी. ती कुठे उतरते ते तिच्या दरवानाने सांगितलं. मी विचारलं म्हणून.

शुक्रवार, ६.
नोएमीच शिकवते, नात्यात बाउंड्री आखा. आखली. छत्रीच्या दांड्याने, दोन तंबूंच्या मधोमध, सरळ रेघ. नेल्ली तळलेला गोड चुरो खात ती ओलांडून गेली. म्हणाली, "अगं बेबा, भरती आली की पुसेल ती. आणि लाज नाही वाटत? बाईच्या मागे इथवर आलीस!"
मी तिला चपलेने मारलं. दुसरा गाल पुढे करावा, असं शाळेत सिस्टर शिकवायच्या. नेल्लीने केला नाही. मग मीच शोधला.

शनिवार, ७.
संकल्प: आवाज चढवायचा नाही. हात तर नाहीच.
अकरा वाजता नोएमीचा नवरा ओस्वाल्दो खुर्ची टाकून रेघेच्या अलीकडे बसला. मी समज दिली. म्हणतो कसा, "आजीबाई, वाळू सरकारची आहे." आजीबाई! माझ्याहून मोठा आहे तो. माझ्या हातात थर्मास होता. मातेचं पाणी कधी उकळतं नसतं, त्यामुळे त्याच्या घोट्याला आलेले फोड उन्हाचे असणार.
तंबूवाल्याने येऊन ताकीद दिली. मी त्याचं नाव, आडनाव, हुद्दा विचारून घेतला. चाळीस वर्षं कोर्टात नोटिसा टाइप केल्यात मी.
नोएमी जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "बेबा, हे आपण मार्चमध्ये बोलू."
तिलाही मार्चची ओढ लागलेली दिसते.

सोमवार, ९.
शांत राहिले. जेवणापर्यंत.
मग तिघं पत्ते खेळायला बसली. नेल्ली, नोएमी, ओस्वाल्दो. मी रेघेच्या अलीकडे कलिंगड कापत होते. नेल्ली हसत म्हणाली, "काळजी करू नका हो, हिचा हात लहानपणापासूनच असा. हा बघा, माझा दात पाडला होता हिने." आणि ओठ वर करून खोटा दात दाखवला.
नोएमीने पत्ते खाली ठेवले. माझ्याकडे बघत राहिली. त्या दातावर मी तिच्याकडे चार वर्षं रडले आहे. नेल्लीने *माझा* पाडला म्हणून.
दात कोणाच्या तोंडातला हा तपशील झाला. दुःख माझंच होतं.
पुढचं फार पटकन झालं. सुरी हातात होतीच. मी फक्त त्यांच्या तंबूचा दोर कापला. खांब नोएमीच्या नाकावर पडला, तो मी पाडला नाही. पत्त्यांवर रक्त. नेल्लीने माझे केस धरले, तेव्हा तिचा दंड माझ्या तोंडापाशी आला. मी चावले. दोघा जीवरक्षकांनी मला हातापायांना धरून उचललं. लाथा मारल्या म्हणतात. तोल सांभाळत होते.
सगळा किनारा उभा राहून बघत होता. नोएमी मात्र नाक धरून पाठमोरी.

मंगळवार, १७. ब्वेनोस आयरेस, घरी.
नेल्ली तिकडेच राहिली. दंडाला टाके. नोएमीच्या तंबूत.
आज फोनवर नोएमीचा निरोप आला. नाकाचं हाड मोडलं आहे. उपचार यापुढे चालू ठेवता येणार नाहीत. शेवटी कोण्या पोरगेल्या थेरपिस्टचा नंबर. वर लिहिते, ही मर्यादा दोघींच्याही भल्याची आहे.
रेघ मारायची कल्पना माझी होती.
तीनदा वाचला. दाताबद्दल एक अक्षर नाही.
फोनवरचा निरोप ग्राह्य धरला जाणार नाही. एकोणीस वर्षं अशी अंगठ्याने तोडता येत नाहीत. कारणांसह, सहीनिशी लेखी उत्तर मला गुरुवार, ५ मार्च, दुपारी चारच्या आत मिळालं पाहिजे. पोस्टाने पाठवू नये, गहाळ होतं. हातात द्यावं. मी खाली दाराशी उभी असेन, नेहमीसारखी दहा मिनिटं आधी. बेल वाजवणार नाही.
चार वाजेपर्यंत.